पाटणच्या शिलालेखात नसलेले नाव

चाळीसगावाहून सातमाळ्याच्या डोंगराकडे पंधरावीस किलोमीटर गेले म्हणजे पाटण लागते. आज तेथे वस्ती अशी फारशी नाही. गौताळ्याचे जंगल आहे, चंडिकादेवीचे जुने दगडी देऊळ आहे, आणि डोंगरात थोड्या अंतरावर पितळखोऱ्याची लेणी आहेत. खानदेशातली माणसे नवरात्रात देवीच्या दर्शनाला येथे येतात आणि श्रावणात डोंगरावरून कोसळणारे पाणी पाहायला येतात. देवीपुढे नारळ फोडायचा, झाडाखाली बसून दशम्या सोडायच्या आणि दिवस कलला की घरची वाट धरायची, असा हा रिवाज आहे. आपण एका जुन्या गणितशाळेच्या आवारात जेवलो, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते.

या पाटणला एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास तो विद्वानांच्या नजरेस आणला. लेख इसवी सन १२०७ चा, म्हणजे आठशे वर्षांहूनही जुना आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव याने पाटणला एक मठ स्थापन केला आणि त्या मठाला निकुंभ घराण्यातील सोइदेव नावाच्या मांडलिकाने जमीन व उत्पन्न लावून दिले, असे त्यात सांगितले आहे. मठ म्हटला की जपमाळ आणि भस्म आपल्या डोळ्यांसमोर येते. हा मठ मात्र निराळा होता. चांगदेवाचा आजा भास्कराचार्य. त्याने लिहिलेले गणिताचे व ज्योतिषाचे ग्रंथ येथे शिकवले जावेत एवढ्यासाठी तो बांधला होता. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, परंतु शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. पाटणच्या बाजारात होणाऱ्या विक्रीतून मठाला काय मिळावे आणि तेलाच्या घाण्यांनी मठाला किती तेल द्यावे, हे त्यांत लिहिले आहे. राजाचे दान संस्कृतात आणि तेल्याचे दान मराठीत! मला या लेखातील हाच भाग सर्वांत गोड वाटतो. आमच्या मुलुखात गणिताच्या दिव्याला गावच्या घाण्याचे तेल पुरत होते.

भास्कराचार्य स्वतः कोणत्या गावचा, याविषयी पंडितांत वाद आहे. त्याने आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड असे सांगितले आहे. कोणी ते इकडे शोधतात, कोणी कर्नाटकात. आम्ही खानदेशचे लोक अर्थातच पाटणचा पक्ष घेतो, आणि नातवाने मठ येथे बांधला ही गोष्ट आमच्या बाजूने उभी राहते. त्याचा जन्म १११४ चा. छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली त्याने ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाचा पहिला भाग म्हणजेच ‘लीलावती’.

आता पुन्हा शिलालेखाकडे येते. त्यात चांगदेवाच्या घराण्याची वंशावळ कोरली आहे. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि चांगदेव, अशा नऊ पिढ्या. बापामागून मुलगा, मुलामागून नातू. कोणी राजाकडून पदवी मिळवलेला, कोणी सभेतला पंडित. या नऊ पिढ्यांना नऊ आया असणारच, आणि लेकी, बहिणी, सुना तर कितीतरी. त्यांतील एकीचेही नाव या दगडावर नाही. ज्या नावाचा ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभा केला, ते लीलावतीचे नावही वंशावळीत नाही.

लीलावती कोण होती? याचे उत्तर बहुतेक वाचकांना लहानपणापासून पाठ असेल. ती भास्कराचार्याची लाडकी लेक. तिच्या कपाळी वैधव्य आहे असे बापाने पत्रिकेवरून ओळखले आणि ते टळावे म्हणून लग्नाचा नेमका क्षण काढला. तो क्षण कळावा म्हणून पाण्यात घटिकापात्र सोडले. मुलगी कुतूहलाने पात्रात वाकून पाहू लागली; तिच्या अंगावरील दागिन्यातला एक मोती निसटून पात्रात पडला आणि तळाचे भोक बुजले. पाणी आत शिरेना, पात्र बुडेना, क्षण निघून गेला. तेव्हा बापाने तिची समजूत घातली की, तुझ्या नावाने मी असा ग्रंथ लिहीन की तुझे नाव अजरामर होईल.

मी स्वतः कादंबऱ्या लिहिते, तेव्हा अशा गोष्टीचा मोह मला समजतो. मोती, पाणी, मुलीची उत्सुकता आणि बापाचा पराभव. एवढे साहित्य हाती आल्यावर कोणता लेखक स्वस्थ बसेल? परंतु भास्कराचार्याच्या ग्रंथात ही गोष्ट कोठेही नाही. ती आपल्याला अकबराच्या दरबारातील कवी फैजी याच्या लेखणीतून मिळते. त्याने १५८७ साली लीलावतीचे फारसीत भाषांतर केले आणि त्याच्या प्रस्तावनेत ही कथा घातली. म्हणजे ग्रंथानंतर चारशे सदतीस वर्षांनी! हाच फैजी पुढे १५९१ साली अकबराचा वकील म्हणून बऱ्हाणपूरला, खानदेशच्या फारुकी राजाकडे आला होता. आपण भाषांतर केलेल्या ग्रंथाची शाळा एके काळी याच मुलुखात होती, हे त्याच्या कानावर गेले असेल काय, कोण जाणे.

फैजीची गोष्ट मला आवडत नाही, हे सांगून टाकते. तिच्यात लीलावती बिचारी ठरते. गणित तिला मिळते ते संसार हातचा गेल्यावर, अश्रू पुसण्यासाठी. खुद्द ग्रंथात मात्र अशी रडवेली मुलगी नाही. तेथे कवी कधी ‘बाले’ म्हणतो, कधी ‘सखे’ म्हणतो, कधी ‘कान्ते’ म्हणतो. त्यामुळे ती मुलगी होती, पत्नी होती, की नुसती कल्पनाच होती, हे ठरवता येत नाही. एक गोष्ट मात्र ठरवता येते. तो तिला गणिते घालतो, ती सोपी नसतात, आणि तिला ती येतील हे तो गृहीत धरतो. वेलबुट्टी भरपूर आहे, पण सवलत नाही.

एक उदाहरण माझ्या शब्दांत सांगते. भुंग्यांचा एक थवा आहे. त्याचा पाचवा हिस्सा कदंबावर जाऊन बसला, तिसरा हिस्सा दुसऱ्या एका फुलावर गेला, आणि या दोन हिश्शांतील फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलांवर गेले. एकच उरला, तो दोन फुलांच्या वासाने वेडावून मधल्या मध्ये घिरट्या घालीत राहिला. तर एकूण भुंगे किती?

पारोळा तालुक्यातील एका शाळेत मी शिकवत असताना सातवीच्या वर्गापुढे मी हे गणित ठेवले होते. मुलगे वहीत आकडेमोड करीत राहिले. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र थोड्याच वेळात म्हणाली, “पंधरा.” कसे काढलेस म्हणून विचारले, तर म्हणाली, “बाई, थव्याचे पाच वाटेही व्हायला पाहिजेत आणि तीन वाटेही. भुंगा काही अर्धा कापता येत नाही. मग पहिल्यांदा पंधराच धरून पाहिले. तीन, पाच, दोनाची तिप्पट सहा, आणि एक.” भुंगा अर्धा कापता येत नाही, हे तिचे वाक्य मी त्या दिवशीच टिपून ठेवले. ही मुलगी लेखात पुन्हा एकदा येणार आहे.

भास्कराचार्याने प्रश्न घातला ११५० साली. पुढे कित्येक शतके त्याचे उत्तर मुलींकडून कोणी ऐकून घेतले नाही. मुलींना हिशेब येत नव्हता असे मात्र कोणी म्हणू नये. जात्यावर बसलेली, खळ्यावर धान्य मापणारी, आठवड्याच्या बाजारात चार पैशांत घर चालवणारी बाई हिशेबात कधी चुकत नाही. आमच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचेच पाहा. १८८० साली त्या जन्मल्या, अक्षरओळख झाली नाही, शेतात राबता राबता गाणी रचली. मुलगा सोपानदेव कवी निघाला म्हणून ती टिपली गेली, आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तकरूपाने बाहेर आली. बी कसे रुजते, सुगरण पक्षी घरटे कसे विणतो, हे त्या बाईने जितके बारकाईने पाहिले तितके पाहायला प्रयोगशाळेत माणसे तयार करावी लागतात. जळगावला १९९० साली निघालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. रसायन, भौतिक, जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलींच्या पदवीपत्रावर आज सही करता न येणाऱ्या एका बाईचे नाव छापलेले असते. याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

पाहण्याची नजर होती, हिशेब होता. नव्हता तो शाळेचा दरवाजा. तो आधी किलकिला झाला वैद्यकाच्या बाजूने. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, वयाची बाविशी भरण्याआधी, पुण्यात वारल्या. रखमाबाई लंडनला शिकून आल्या आणि सुरतेस त्यांनी वर्षानुवर्षे रोगी बाया तपासल्या. या दोघींच्या कथा आपल्याकडे पुष्कळदा सांगितल्या गेल्या आहेत, म्हणून येथे लांबवीत नाही. एवढेच म्हणते की, बाईला बाईच डॉक्टर हवी, ही गरज समाजाला पटण्याजोगी होती. पुरुष डॉक्टरपुढे जायला लाजून मरणाऱ्या बाया घरोघर होत्या. गरजेपोटी दार उघडले. परंतु अणू म्हणजे काय, झाड श्वास कसे घेते, हे केवळ जाणून घ्यायचे आहे असे म्हणणाऱ्या मुलीसाठी कोणाची गरज पुढे येणार? तिची लढाई निराळी होती, आणि ती समजण्यासाठी खानदेश सोडून जरा बंगळूरपर्यंत जावे लागते.

मराठी वाचकाला दुर्गा भागवत हे नाव सांगावे लागत नाही. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या कशा बोलल्या, हे घराघरांत ठाऊक आहे. पण दुर्गाबाईंना कमला नावाची धाकटी बहीण होती आणि ती शास्त्रज्ञ होती, हे दहांतल्या दोघांनाही ठाऊक नसते. आम्हा साहित्याच्या लोकांचा हा दोषच म्हणावा. आम्ही आमच्या आमच्यातच नावे घेत बसतो.

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा. योगायोग असा की, त्याच वर्षी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने मादाम क्युरींना सभासद करून घेण्याचे नाकारले, आणि त्याच वर्षी त्यांना दुसरे नोबेल पारितोषिक मिळाले. कमलाचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. मुंबई विद्यापीठातून १९३३ साली कमला बी. एस्सी. झाली. रसायन हा तिचा मुख्य विषय, भौतिक दुय्यम. पुढे कोठे जायचे याचा घरात प्रश्नच नव्हता. बाप गेला, काका गेला, त्याच संस्थेत लेक जाणार.

संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. तीन वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळवलेले, साऱ्या देशाचे दैवत. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार बाई आहे. वडील व चुलते रदबदलीला गेले, उपयोग झाला नाही. मग मुलगी स्वतः उभी राहिली. नाकारण्याचे कारण द्या, नाहीतर मी तुमच्या कचेरीच्या दाराशी सत्याग्रहाला बसते, असे तिने त्यांना ठणकावले, असे सांगतात. गांधीजींचे दिवस होते. तो शब्द हवेतच होता. शेवटी रामन यांनी तिला घेतले, पण अटी घालून. पहिले वर्ष ती नियमित विद्यार्थिनी मानली जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतदेखील, काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये.

तिसरी अट पुन्हा वाचा. काम नीट झाले पाहिजे अशी अट नाही. मुलग्यांचे लक्ष विचलित झाले तर त्याचा जाब मुलीला, अशी ती अट आहे. आमच्या खेड्यातले शाळा समितीचे पंच काही निराळे बोलत नाहीत. नोबेल पारितोषिक मिळवलेला मनुष्य आणि चावडीवरचा मनुष्य या एका गोष्टीत शेजारी शेजारी बसलेले पाहून मला पहिल्यांदा राग आला आणि मग हसू आले.

कमलाने अटी मान्य केल्या. श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांच्या हाताखाली तिने दुधातील आणि डाळींतील प्रथिनांवर काम केले. वर्षभराने रामन यांना तिच्या कामात खोट काढता आली नाही. त्यांनी तिला नियमित केले, आणि संस्थेत मुलींना घेण्यास सुरुवात झाली. १९३६ मध्ये कमला एम. एस्सी. झाली. पुढे १९४० मध्ये केरळची ॲना मणी खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत काम करू लागली. तीच पुढे पुण्याच्या हवामान खात्यात आली आणि पाऊस, वारा, ऊन मोजण्याची उपकरणे देशातच तयार करण्याच्या कामात तिने आयुष्य घातले. तेव्हा रामन बदललेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण कमलाबाईंच्या मनातला तो काटा अखेरपर्यंत निघाला नाही. १९९७ साली मुंबईत स्त्री वैज्ञानिकांच्या एका सभेत त्या बोलल्या, तेव्हाही रामन थोर असले तरी त्यांचे मन कोते होते आणि ती वागणूक आपण विसरू शकत नाही, असे त्यांनी सांगितले. साठ वर्षे उलटली होती!

बंगळूरनंतर केंब्रिज. तेथे हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्राच्या संस्थेत काम करताना बटाट्यावरील प्रयोगांतून तिच्या ध्यानात आले की, वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य असते. हे काय प्रकरण आहे ते मी शास्त्राच्या एका पदवीधर शेजारणीकडून समजून घेतले. आपण जो श्वास घेतो त्यातील प्राणवायूचा उपयोग अखेर प्रत्येक पेशीच्या आत होतो, आणि त्या व्यवहारात हातोहात देवघेव करणाऱ्या द्रव्यांपैकी हे एक. प्राणी आणि झाड यांची श्वास घेण्याची रीत आतून एकच आहे, याचा हा पुरावा. प्रबंध अवघा चाळीस पानांचा! १९३९ साली तिला डॉक्टरेट मिळाली. आणि विलायतेचेही फार कौतुक करायला नको. त्या वेळी केंब्रिजमध्ये स्त्रियांना नावापुरती पदवी मिळे, विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व नव्हे. ते १९४८ साली मिळाले, म्हणजे आपल्याकडे स्वराज्य आल्यानंतर.

त्या लगेच परत आल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषणसंशोधन शाळा, आणि १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञानसंस्था, असा पुढचा प्रवास. मुंबईत त्यांनी केलेले नीरेवरील काम आम्हा सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना जवळचे वाटावे असे आहे. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. पहाटे उतरवलेल्या ताज्या नीरेत जीवनसत्त्वे व लोह असते, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर बायांना ती दिल्यास प्रकृती सुधारते, असे त्यांनी दाखवून दिले. त्याबद्दल राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. संस्थेचे संचालकपदही मिळाले, परंतु हक्काच्या वेळेपेक्षा चार वर्षे उशिराने. बंगळूरला दाराशी थांबवले होते, मुंबईत जिन्यावर. १९९८ मध्ये त्या गेल्या.

कमलाबाईंच्या हकिकतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बंगळूरचा सत्याग्रह नव्हे, तर त्याआधीची घरची वीस वर्षे. बापाने आणि काकाने ती संस्था पाहिलेली होती. आवार कसे, वसतिगृह कोठे, अर्ज कसा करायचा, नकार आला तर कोणाला भेटायचे, हे त्या घरात जेवताना बोलले जात असणार. दार ठोठावायला हिंमत लागते हे खरे. पण दार आहे, आणि ते अमुक ठिकाणी आहे, हे आधी कोणीतरी सांगावे लागते. आमच्या खानदेशात ते सांगणारे घर दुर्मिळ होते. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय निघाले ते १९४५ च्या सुमारास. त्याआधी कॉलेज म्हणजे परगाव, आणि मुलीच्या बाबतीत परगाव म्हणजे ‘नाही’. कमलाबाई केंब्रिजहून डॉक्टर होऊन आल्या, त्यानंतरही काही वर्षे जळगावच्या मुलग्यालासुद्धा कॉलेजसाठी गाव सोडावे लागत होते, हे लक्षात ठेवले म्हणजे अंतर कळते.

एकदा उघडलेले दार उघडेच राहते असेही नाही. १९७४ साली त्याच टाटा विज्ञानसंस्थेत सुधा कुलकर्णी नावाची हुबळीकडची एक मुलगी शिकत होती. पुण्याच्या टेल्को कारखान्यात इंजिनिअर हवे असल्याची जाहिरात तिने वाचली. खाली लिहिले होते, स्त्रियांनी अर्ज करू नयेत. तिने रागाने जे. आर. डी. टाटांनाच पोस्टकार्ड टाकले. मुलाखतीला बोलावणे आले, नोकरीही मिळाली. सत्याग्रहापासून पोस्टकार्डापर्यंत एक्केचाळीस वर्षे लागली. तरी एवढी प्रगती झालीच. कारण १९३३ साली घरची माणसे रदबदलीला गेली होती, १९७४ साली मुलीने कोणालाही न विचारता पत्र पेटीत टाकले.

आणि रोहिणी गोडबोले. या पुण्याच्या, १९५२ चा जन्म. मुलींच्या ज्या शाळेत त्या शिकल्या, तेथे सातवीपर्यंत विज्ञानाऐवजी गृहविज्ञान होते. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला विज्ञान लागते, म्हणून त्यांनी ते स्वतःच वाचून तयार केले. पुढे मुंबईची आय. आय. टी., अमेरिकेत डॉक्टरेट, आणि मूलकणांच्या शास्त्रात जगभर मान्यता. १९९५ मध्ये त्या बंगळूरच्या त्याच संस्थेत दाखल झाल्या, जेथे कमला भागवतचा अर्ज परत आला होता. विद्यार्थिनी म्हणून नव्हे, शिकवायला. २००८ साली त्यांनी आणि राम रामस्वामी यांनी भारतातील शंभराच्या आसपास स्त्री शास्त्रज्ञांच्या हकिकती एका ग्रंथात एकत्र केल्या. ग्रंथाचे नाव ‘लीलावतीज् डॉटर्स’, लीलावतीच्या लेकी! पाटणच्या दगडावर जे नाव कोरायचे राहिले, त्या नावाची ही वंशावळ. ती आईकडून लेकीकडे जाते, आणि तिच्यात आनंदीबाईंपासून तरुण मुलींपर्यंत सगळ्या बसल्या आहेत. रोहिणीताई ऑक्टोबर २०२४ मध्ये वारल्या.

आता मागच्या बाकावरच्या त्या मुलीकडे येते. तिचे वडील कोरडवाहू कापूस पिकवणारे. दहावीला तिला गणितात आणि विज्ञानात चांगले गुण पडले, तेव्हा ते मला भेटायला आले. वाईट मनुष्य नव्हे, लेकीवर जीव. ओट्यावर बसून म्हणाले, “पोरीले इतलं शिकाडीसन काय करनं शे, बाई?” या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, ते बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. विज्ञानाचे कॉलेज दोन एस. ट्या बदलून होते आणि शेवटची गाडी प्रयोगाचा तास संपण्याआधी सुटे. तेव्हा मी त्यांच्याशी लीलावतीविषयी बोलले नाही, एस. टी.विषयी बोलले. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे. मानव विकासची निळी बस फाट्यावर थांबते. जळगावला मुलींचे वसतिगृह आहे, त्याच्या अर्जाची मुदत अमुक. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “बस सांजले कितला वाजता येस?”

मी वेळ सांगितली. त्यांनी ती तंबाखूच्या पुडीच्या कागदावर लिहून घेतली.

ती मुलगी जळगावला बी. एस्सी. झाली. पुढचा अभियांत्रिकीचा विचार तिच्या वेळी फीपाशी अडला. आर्थिक दुर्बल आणि मागास वर्गांतील ज्या घरांचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, तेथील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकारने पूर्ण माफ केली, ती २०२४ साली. तिला तो लाभ झाला नाही. तिच्या धाकट्या बहिणीला झाला. थोरली जळगाव जिल्ह्यातच केळीची ऊतिसंवर्धित रोपे तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली. एकदा तिने मला तेथले काम दाखवले. केळीच्या कंदाला फुटलेल्या पिल्लाचा आतला कोंब घ्यायचा, तो निर्जंतुक करायचा, काचेच्या पेटीसमोर बसून चिमट्याने त्याचे बारीक तुकडे करायचे आणि पोषक द्रवाच्या जेलीवर बाटलीत ठेवायचे. थंड खोलीत दिव्याखाली एकाची अनेक रोपे होतात. मग त्यांना मुळे फुटवायची, आणि सावलीच्या जाळीखाली हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करायची. एक जंतू आत गेला तर बाटली फुकट. शेल्फांवर हिरव्या बाटल्यांच्या रांगाच रांगा होत्या आणि डोक्याला टोपी, तोंडाला फडके बांधलेल्या पंधरावीस मुली मान खाली घालून काम करीत होत्या. बोलणे नाही, हसणे नाही; चिमट्यांचा तेवढा आवाज. शतकांमागे याच जिल्ह्यात गणितासाठी मठ होता, हे त्यांतील एकीलाही ठाऊक नव्हते, आणि त्यामुळे त्यांचे काही अडले नव्हते.

गेल्या वैशाखात तिचे लग्न झाले. बोलणी चालू असताना नोकरीचा विषय निघाला, तेव्हा वरपक्षाकडच्या एका वडीलधाऱ्याने घरचे कोण पाहील म्हणून विचारले. उत्तर तिने दिले नाही, तिच्या वडिलांनी दिले. सकाळी पॅसेंजर इतक्या वाजता सुटते आणि संध्याकाळची इतक्या वाजता पोहोचते, मधला वेळ तिचा आहे, असे त्यांनी गाड्यांच्या वेळा सांगून स्पष्ट केले. नवरा भुसावळला रेल्वेत आहे. ती रोज सकाळच्या गाडीने जळगावला जाते. या पावसाळ्यात पुन्हा बढती झाली, आता तिच्या हाताखाली आठ मुली आहेत.